गिरणी चालू, गिरणी बंद

पहाटे ५.१०
वाशीम शहरातली एक गल्ली. कुठली, ते सांगत नाही. संस्थेतून दत्तक आलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. म्हणून इथे आई ही आई आणि पोरगा हा पोरगा.

उठल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे गादीखाली हात घालणं. आज अर्धी पोळी, गुळाचा खडा, दोन बिस्किटं निघाली. गुळाला मुंग्या. ती शिळं तेवढं काढते, बिस्किटं तिथेच राहू देते. एकदा सगळं झाडून नेलं होतं, तर पोरगा दोन दिवस जेवला नाही. फळीवर, त्याचा हात पोचेल असा, एक स्टीलचा डबा आहे. त्यात ताज्या दोन पोळ्या पडतात. डबा त्याचा. कधीही उघडायचा, विचारायचं नाही.

पोरगा नऊ वर्षांचा. घरी आला तेव्हा सहाचा. नियम असा, की चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज शंभराच्या वर जाता कामा नये. यांची अठ्ठ्याण्णव. तान्ह्या बाळासाठी ती जास्तच होती. सहाचा होईपर्यंत तो कुठे राहिला, काय खाल्लं, ते फाइलमध्ये अर्ध्या पानात आहे.

७.००
आंघोळ. डोक्यावर दुसऱ्या कोणी पाणी घातलं की तो किंचाळतो. म्हणून तांब्या त्याच्या हातात. ती बाहेर बसून नुसती मोजते. दहा तांबे. अकराव्याला हट्ट, पण आज मारामारी नाही. चाळीस मिनिटं गेली.

बाबा बाजार समितीत मापारी. सोयाबीनचा हंगाम आहे, आठला निघतात ते रात्रीच येतात.

८.३०
गिरणी. घराच्याच पुढच्या खोलीत. बटण दाबलं की पट्टा आधी फडफडतो, मग सूर लागतो. आई वरच्या पेटीत गहू ओतते, चाक अर्धा आटा फिरवते, खाली हात धरून पीठ चिमटीत चोळून पाहते. जाड येतंय. दगडाला टाकी लावायला झाली. टाकीवाला आला की अर्धा दिवस गिरणी बंद आणि त्याची मजुरी वेगळी.

गहू-ज्वारी किलोला पाच रुपये, डाळ आठ.

पोरगा पोत्यावर बसून चहात पोळी बुडवून खातो. एवढ्या आवाजात शांत. गिरणी चालू असली की हा गप्प, हे कळायला घरच्यांना वर्ष लागलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, बरं आहे, लिहून ठेवा. तेव्हापासून दळणाच्या वहीत मागच्या पानांवरून त्याची नोंद. किती वाजता, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. पुढून गहू, मागून पोरगा. वही दोन्हीकडून भरत मधल्या पिनेजवळ आलीय.

१०.१५
शाळा. ती फाटकापर्यंत जाते, वर्गापर्यंत नाही. सरांचं तसं म्हणणं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे सरांना माहीत आहे, तिलाही. त्यामुळे दोघं एकमेकांशी फार जपून बोलतात.

दुपारी १.२०
फोन. खिचडीच्या रांगेत त्यानं एकाच्या डोक्यात ताट घातलं. रक्त नाही, टेंगूळ आहे. ती पदरानं हात पुसते, मोटर बंद करते. सकाळपासून बावन्न किलो झालं. सात डबे तसेच ओळीत. एक आजीबाई दारात पिशवी घेऊन उभ्या. ‘‘संध्याकाळी या आजी,’’ म्हणून ती शटर ओढते.

२.००
दोघं परत. रस्ताभर तो बोलला नाही. घरात आल्यावर, ‘‘त्यानं माह्या ताटातलं उचललं.’’ ती म्हणते, ‘‘बरं. जेवाले बस.’’ शिक्षा नाही, भाषण नाही.

या लेकराचं पहिलं वर्ष फार गोड गेलं म्हणे. दत्तकाच्या ऑर्डरवर १ सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी कलेक्टर सही करतात, तशी यांचीही झाली. नंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, संस्थेच्या ताई पाहणीला. चहा, फोटो, अहवाल. पोरगा ताईंसमोर कविता म्हणायचा. चावणं, फोडणं जोरात सुरू झालं ते पाहणी संपत आली तेव्हा. आता कोणी येत नाही. मला विचाराल तर ताईंची खरी गरज आताच आहे.

३.४०
लाइन गेली. पट्टा लटपटत थांबला. पोरगा पोत्यावरून उठला.

आधी डब्यांची झाकणं. मग वजनाचा काटा. ती काटा पकडते, तो तिचा हात. मनगटावर जुने दातांचे वळ होते, पिठानं झाकलेले, त्यांच्याशेजारी नवे. ती हात ओढत नाही, ओढला की कातडी फाटते. तो सोडतो तेव्हा ती उंबऱ्याशी जाऊन बसते, भिंतीला पाठ, बाहेरची वाट अडवून. बोलत नाही. मीही ओट्यावर गप्प. पस्तीस मिनिटं. शेवटी तो डबा उघडून पोळी खातो.

भिंतीवर वायरमनच्या नंबराखाली कोळशानं १४४१६ लिहिलंय. टेलिमानस. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. ‘‘त्याच्यासाठी नाही,’’ ती म्हणते, ‘‘माह्यासाठी.’’

सायंकाळी ५.३०
लाइन आली. गिऱ्हाइकांची गर्दी. सोयाबीन कापून आलेल्या बाया, हाताला शेंगांचे ओरखडे. त्यांतली एक मनगट पाहते आणि पोरासमोरच विचारते, ‘‘काहून सहन करतं बाई? वापस नाही देता येत का?’’

पोरगा उठतो आणि त्याच बाईचा पिठाचा डबा पालथा करतो. मुद्दाम, सावकाश, सगळा.

आई झाडू घेत नाही. आपल्या कणगीतला दोन किलो गहू मापून पेटीत ओतते, त्या बाईचा डबा भरून देते. दळणाचे पैसे घेत नाही. मग म्हणते, ‘‘हे माह्या लेकरासमोर बोलू नका. दुसरी गिरणी बसस्टँडकडं हाय.’’ बाई पुटपुटत जाते. बाकीच्या ओळ मोडत नाहीत.

नंतर पोराला झाडू दिला. त्यानं अर्धं लोटलं.

रात्री ९.१५
अर्धी गोळी. महिन्यातून एकदा ती त्याला अकोल्याला डॉक्टरांकडे नेते. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट, बारापर्यंतच्या मुलालाही अर्धं. दोघांत मिळून एक. गिरणी मात्र अख्खा दिवस बंद.

१०.००
हिशोब. सकाळी बावन्न, संध्याकाळी चौतीस किलो. चारशे तीस. सहा किलो डाळीचे अठ्ठेचाळीस. वही उलटी करून मागे तीन नोंदी. शेवटच्या नोंदीत ‘आधी काय झालं’ या रकान्यात त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं.

बाबा जेवता जेवता वेल्डरला फोन लावतात. पट्ट्याला जाळी बसवायची आहे. झटक्यात पोराचा हात तिकडे गेला तर? वेल्डर बावीसशे म्हणतो. बाबा अठराशे. दोन हजारावर तुटतं, अर्धे आधी. शनिवारी माप घ्यायला येतो म्हणाला.

‘‘शनिवारी नको,’’ आई आतून ओरडते. ‘‘त्या दिवशी शाळा सकाळची असते. तो घरी राहीन. मंगळवारी बोलवा.’’