फिल्मचा आभास

मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनिअस ट्राइप याने १८५८ साली तंजावर आणि मदुरा येथील देवालयांची छायाचित्रे घेतली. त्या काळचा रासायनिक लेप निळ्या प्रकाशाला अवाजवी संवेदनशील असल्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे. ट्राइप कागदी निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवी. त्याच्या अनेक चित्रांतील ढग कुंचल्याचे आहेत, कॅमेऱ्याचे नव्हेत. डिजिटल छायाचित्राला फिल्मचे रूप देणे ही लबाडी होय असे मानणाऱ्यांनी हे ढग अवश्य पाहावेत.

आजचा प्रश्न मात्र उलटा आहे. डिजिटल प्रतिमा फार स्वच्छ असते, आणि तिचा प्रकाशाशी व्यवहार हिशेबी असतो. प्रकाश दुप्पट झाला की संवेदकाची नोंदही दुप्पट होते. मर्यादा गाठली की पुढचे सारे एकजात पांढरे. फिल्मचे तसे नाही. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी १८९० साली दाखवून दिले की, फिल्मवरील काळेपणा प्रकाशाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. आलेखाची दोन्ही टोके हळूहळू वळतात. म्हणूनच मरीना किनाऱ्यावरील भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या वेष्टीच्या चुण्या निगेटिव्हवर पुष्कळदा टिकत. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कर्व्ह’ नावाची जी रेषा असते, तिची टोके वाकवून हेच वळण आणता येते. परंतु जे टिपलेच गेले नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर परत देऊ शकत नाही. सबब चित्र ‘रॉ’ स्वरूपात आणि किंचित कमी प्रकाश देऊन घ्यावे लागते.

यानंतर कणांचा विचार येतो. कृष्णधवल फिल्मवरील कण हे चांदीचे असतात; रंगीत फिल्ममधून चांदी धुऊन काढली जाते व तिच्या जागी रंगद्रव्याचे सूक्ष्म ठिपके उरतात. हे कण मध्यम छटांत अधिक जाणवतात, गडद काळ्यात आणि लख्ख पांढऱ्यात कमी. नवशिका चित्रभर सारखेच कण पसरतो, आणि मग चित्रावर धूळ बसल्यासारखी दिसते. दिव्यांभोवतीचे तांबूस वलयही फिल्मचेच देणे: प्रकाश फिल्मच्या पाठीवरून परतून लाल रंगाच्या थरावर पुन्हा उमटतो. ते जपूनच वापरलेले बरे.

रंगांची जुळणी चेन्नईला नवी नाही. मुंबईत तयार झालेल्या ‘आलम आरा’ (१९३१) या बोलपटात काम केलेल्या एल. व्ही. प्रसाद यांची फिल्म प्रयोगशाळा याच शहरात १९७६ साली सुरू झाली. अशा प्रयोगशाळांत लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या पन्नास पन्नास पायऱ्या कमीजास्त करून प्रतीचा रंग ठरविला जाई. आज ते काम एक तयार तक्ता करतो: अमुक रंग आला की त्याच्या जागी तमुक रंग ठेवावा, अशा हजारो नोंदी त्यात असतात. ‘डार्कटेबल’सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही असे तक्ते चालतात.

या तक्त्यांबरोबर फिल्मचे पूर्वग्रहही येतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे चित्र प्रयोगशाळांना पुरवीत असे. तिची त्वचा नीट दिसली की रंग बरोबर ठरे. सावळ्या चेहऱ्यांवर अशा फिल्मचे तक्ते जसेच्या तसे लावले, तर गालांची चमक विझून चेहरा मातकट होऊ शकतो. तेव्हा आधी चेहरा पाहावा, गडद छटा थोड्या उचलाव्यात, नारिंगी रंगाचा जोर पारखावा आणि तक्त्याचा प्रभाव निम्म्यावर आणून बघावा.

असा तक्ता तयार करण्यासाठी एकच रंगपट्टी फिल्मवर आणि डिजिटल कॅमेऱ्यावर टिपून दोहोंतील अंतर मोजतात. अर्थात त्यासाठी ताजी फिल्म हाताशी हवी. उटकमंडच्या थंड हवेत १९६७ पासून ‘इंदू’ ही भारतीय फिल्म तयार होत असे. तो सरकारी कारखाना पुढे बंद पडला. तिच्या कणांचा नमुना आता कपाटांतल्या जुन्या निगेटिव्हांतूनच स्कॅन करून घ्यावा लागेल, आणि चेन्नईच्या दमट हवेत जिलेटिनवर बुरशी लवकर धरते.