आपोआप सुरू होणारा संगणक

बंद करून ठेवलेला संगणक कोणाचाही हात न लागता सुरू होतो, असा अनुभव शाळेत किंवा घरी पुष्कळांस येतो. रात्री कुलूपबंद वर्गातून उजेड दिसला की गावात नाना तर्क सुरू होतात व मुले त्या खोलीत जाण्यास कचरतात. कित्येकदा 'यंत्र बिघडले' एवढ्याच शेऱ्यावर ते कोपऱ्यात जाते आणि यथाकाल निर्लेखनाच्या यादीत चढते. जेथे शाळेत एकच संगणक आहे, तेथे ही हानी लहान नव्हे. वस्तुतः अशी बरीच यंत्रे बिघडलेली नसतात. त्यांना कोठून तरी सुरू होण्याची आज्ञा मिळालेली असते. ती कोठून आली हे शोधून काढणे शिक्षकांच्या आवाक्यातले आहे.

दिव्याचे बटण व संगणकाची कळ ह्यांत मूलभूत भेद आहे. दिव्याचे बटण विजेचा प्रवाह प्रत्यक्ष तोडते. जुन्या संगणकांची कळही तशीच असे. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' ही रचना प्रसिद्ध केली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. हीत भिंतीवरील बटण चालू असेतोवर यंत्रातील पॉवर सप्लायकडून मदरबोर्डास पाच व्होल्टचा अल्प वीजपुरवठा अखंड मिळत राहतो. समोरची कळ प्रवाह जोडीत नाही. ती मदरबोर्डास केवळ सूचना देते. वाड्याचा धनी निजला तरी देवडीवरचा पहारेकरी जागा असतो, तशी ही व्यवस्था आहे. कडी वाजली की तो धन्यास उठवितो. ती माणसाने वाजविली की वाऱ्याने, हे पाहण्यास तो थांबत नाही.

आपल्याकडे पहिला संशय वीज जाण्यायेण्याचा घ्यावा. इगतपुरी, पेठ, सुरगाणा ह्या तालुक्यांत पावसाळी वाऱ्याने वीज जाणे नवे नाही. काम चालू असता दुपारी वीज जाते, गुरुजी वाट पाहून शाळा बंद करतात, आणि रात्री वीज येताच संगणक सुरू होतो. संगणक कोणी बंद केलेलाच नव्हता. वीज गेल्यामुळे तो थांबला होता, एवढाच ह्याचा अर्थ. वीज परत आल्यावर काय करावे ह्याविषयी मदरबोर्डात एक योजना करून ठेवलेली असते. यंत्र सुरू करताना 'डिलीट', 'एफ-२' किंवा 'एफ-१०' ही कळ दाबल्यास (कोणती, ते पडद्यावर क्षणभर दिसते) ती पाहता येते. तिचे नाव कोठे 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस', कोठे 'एसी रिकव्हरी', तर कोठे 'आफ्टर पॉवर लॉस' असे असते. तेथे 'पॉवर ऑन' असेल तर वीज येताच यंत्र सुरू होणारच. 'लास्ट स्टेट' असेल तर वीज जाताना जी स्थिती होती ती परत येईल. शाळेसाठी 'पॉवर ऑफ' हाच पर्याय इष्ट. आलेली वीज दोनचारदा ये-जा करू लागली तर प्रत्येक वेळी यंत्र अर्धवट सुरू होऊन पडते व आतील माहिती खराब होण्याचा धोका असतो. मुलांची वर्षभराची कामे अशाने जाऊ शकतात.

ही योजना बदलूनही पूर्ववत होत असेल आणि त्याबरोबर संगणकावरील तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली असे समजावे. तिचा क्रमांक बहुधा 'सीआर २०३२' असतो आणि ती स्वस्त मिळते. भिंतीवरचे बटण नेहमी बंद ठेवणाऱ्यांकडे ती काहीशी लवकर संपते. तरीही बटण बंद करण्याची सवय सोडू नये.

वीज खंडित झालेली नसताना यंत्र जागे होत असेल, तर ते खरोखर बंद केले होते की नुसते निजविले होते, हे आधी पाहावे. 'स्लीप' मध्ये ठेवलेला संगणक टेबलास धक्का लागून माउस हलला तरी जागा होतो. विंडोज प्रणालीची स्वयंचलित देखभाल मूळ योजनेनुसार रात्री दोन वाजता ठरलेली असते व तिला यंत्र जागे करण्याची मुभा दिलेली असू शकते. भुताची वेळ म्हणून जी सांगितली जाते ती बऱ्याचदा हीच! 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये 'वेक टायमर्स' बंद केले की हा प्रकार थांबतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' मधील 'सिस्टिम' ह्या नोंदीत 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाखाली यंत्र कोणामुळे जागे झाले हे पुष्कळदा लिहिलेले सापडते. तेथेच 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद असेल, तर आधीच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते.

ह्यांपैकी काहीच लागू नसेल तर कळीकडे वळावे. धूळ व दमट हवा ह्यांनी कळ आत अडकते किंवा तिची टोके परस्पर चिकटतात. भिंतीवरील बटण बंद करून, वायर काढून, पेटीचे झाकण उघडावे व कळीपासून मदरबोर्डाकडे गेलेली दोन तारांची जोडी सोडवावी. नंतर वीज द्यावी. आता यंत्र आपोआप सुरू झाले नाही, तर दोष कळीचाच. अशा वेळी वीज पुन्हा तोडून 'रिसेट' कळीची जोडी त्या जागी लावली, तर नवी कळ मिळेपर्यंत काम चालते.

कळ सोडवूनही यंत्र सुरू होत राहिले तर पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड सदोष असण्याचा संभव आहे. येथे शिक्षकांनी थांबावे. पॉवर सप्लाय कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरांत घातक दाबाची वीज साठून राहते.

हे सर्व करण्यापूर्वी आठ दिवस एक वही ठेवावी. वीज केव्हा गेली व आली, यंत्र केव्हा सुरू झालेले आढळले, आदल्या दिवशी ते कसे बंद केले होते, ह्या नोंदी सातवीची मुले आनंदाने करतात, आणि उजेडाचे कारण त्यांनीच शोधले म्हणजे गावातही तेच सांगतात. यंत्र दुरुस्तीस पाठविण्याची वेळ आलीच, तर ह्या नोंदींची प्रत सोबत द्यावी. कारागिराच्या दुकानी वीज अखंड असते, तेथे तो दोष दिसतच नाही आणि यंत्र जसेच्या तसे परत येते.