परसातलं खुराडं

खुराडं बांधायचं ते रात्रीसाठी. दिवसा कोंबडीला परस पुरतो. केळीच्या बुंध्याशी उकरावं, पाचोळ्याखालची वाळवी टिपावी, कोरड्या मातीत लोळावं. अंधार पडला की मात्र तिला फारसं दिसत नाही, आणि रानमांजर, उदमांजर नेमके तेव्हाच बाहेर पडतात. म्हणून मुलं कागद-पेन्सिल घेऊन आराखडा काढायला बसली, की आधी एवढंच विचारावं: रात्री आत काय शिरू शकेल?

कोकणातल्या घराचं उदाहरण घेऊ. सहा तलंगा आणि एक कोंबडा यांना सहा फूट लांब, चार फूट रुंद खुराडं ऐसपैस होतं. ते जमिनीपासून दोन फूट उंच, खांबांवर असावं. खांबांना गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला की उंदीर वर चढत नाहीत. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे तिरपं ऊन थेट आत येत नाही. पश्चिमेची भिंत फळ्यांनी पूर्ण बंद करावी. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. छपराच्या वळचणी दीड-दोन फूट बाहेर काढाव्यात. जुनी मंगळुरी कौलं मिळाली तर पत्र्याच्या वाटेला जाऊच नये, कारण उन्हाळ्यात पत्रा आतली हवा भाजून काढतो. कोंबडीला घाम येत नाही, तिला धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं.

जाळीच्या बाबतीत काटकसर नको. बाजारात ‘मुर्गी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरून आलेल्या जनावराला ती थोपवेलच असं नाही. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी घ्यावी आणि नुसत्या खिळ्यांवर न टांगता पट्टी ठोकून आवळावी. छपराखाली पश्चिम सोडून बाकीच्या तिन्ही बाजूंनी या जाळीची पट्टी उघडी राहू द्यावी. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जावा, अंगावरून नको. सकाळी दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर हवा कमी पडते आहे असं समजावं.

आतलं काम मला सगळ्यांत आवडतं, आणि ते मुलांच्या हाती सोपवण्याजोगंही आहे. बसण्याचा दांडा दोन इंच जाडीचा, कडा घासून गोल केलेला हवा. कोंबडी त्यावर बसली की पायांतल्या शिरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप आवळतात. म्हणून ती झोपेतही पडत नाही. दांडा अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच लावावा. तो खाली राहिला तर कोंबड्या खोक्यांतच झोपतात आणि अंडी घाण होतात. चार-पाच कोंबड्यांना एक, असं फूटभर लांबी-रुंदीचं खोकं अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून त्यात पेंढा घालावा. नव्या तलंगांना जागा कळावी म्हणून अंड्याएवढा पांढरा गोटा आत ठेवतात. तो शोधून आणण्याचं काम घरातल्या सर्वांत लहानाचं.

खुराड्याच्या तळाशी भाताचं तूस तीन-चार इंच पसरावं आणि वरचेवर हलवावं. काढलेलं तूस कुजवूनच माडाला घालावं. ताजी विष्ठा मुळं जाळते. कोंबडी खुडूक झाली तर उबवायला किती अंडी ठेवायची, कुठली वगळायची, हे आजीला विचारावं. एकवीस दिवसांचा हिशोब मुलांनी दिनदर्शिकेवर मांडावा.

मुलांसाठी एक वहीही ठेवावी. थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला टोचतं हे तो बारकाईने पाहत असे आणि टिपून ठेवत असे. कळपातल्या मानाच्या उतरंडीवरचा त्याचा अभ्यास 1920 च्या दशकात प्रसिद्ध झाला. दाणे टाकल्यावर आधी कोण येतं, दांड्यावरची वरची जागा कोणाची, एवढं लिहिलं तरी आपल्या परसातली उतरंड उलगडते. कोंबड्यांचे पाय पिवळे का, असं मुलांनी विचारलं तर सांगण्यासारखी गोष्ट आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आल्याचं 2008 साली संशोधकांनी दाखवलं. तोच करडा रानकोंबडा सह्याद्रीत पहाटे आरवतो.

पिल्लं आणण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चक्कर मारून यावी. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, आली तर अख्खं खुराडं रिकामं होतं. तिच्याविरुद्धची लासोटा लस पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांपुरती लस असते आणि ती एकदा कालवली की काही तासांतच वापरावी लागते. तेव्हा वाडीतल्या चार-पाच घरांनी पिल्लं एकाच सुमारास आणावीत आणि एका संध्याकाळी सगळ्यांचं लसीकरण उरकावं.