भाताच्या पेशीत जागा होणारा तोस17

मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे 85 टक्के भाग ट्रान्सपोझॉनांनी, म्हणजे जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी व्यापला आहे. ते सगळे एकदम सुटले तर पिकाची धडगत नाही. म्हणून वनस्पती त्यांच्यावर मिथाइल गट चिकटवते. डीएनएचा मजकूर बदलत नाही, त्याचे वाचन तेवढे थांबते.

हा पहारा ढिलाही पडतो.

जपानच्या ‘निप्पोनबारे’ या भाताच्या वाणात तोस17 नावाचा तुकडा मुळात दोनच ठिकाणी असतो आणि शेतातल्या रोपात तो निपचित पडून राहतो. पेशी प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढवल्या, की मात्र तो जागा होतो आणि स्वतःच्या प्रती जनुकसंचात इतरत्र घुसवतो. पेशी जितका काळ वाढवाव्यात, तितक्या प्रती वाढतात. पुन्हा रोप घडले की तोस17 शांत होतो. नव्या प्रती मात्र तिथेच राहतात आणि बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतात.

संशोधक हिरोचिका आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये हे दाखवले. जपानी संशोधकांनी मग याच गुणाचा वापर करून हजारो उत्परिवर्तित रोपे तयार केली. प्रत ज्या जनुकात घुसते तो बिघडतो. रोपात काय बदलले ते पाहून त्या जनुकाचे काम ओळखता येते. तेही परका जनुक न घालता, आणि हे फार मोलाचे आहे.