एका चित्रासाठी सान्सेपोल्क्रो

इटलीला गेलात की फ्लॉरेन्सला तुम्ही जाणारच. उफिझीच्या रांगेत ताटकळणार, बोत्तिचेल्लीसमोर मोबाइल डोक्यावर धरून फोटो काढणार आणि संध्याकाळी जेलातो खाणार. मीही हे सगळं केलं, धमाल आली. पण बॉस, एक दिवस वाचवा. फ्लॉरेन्सहून ट्रेनने तासाभरात अरेझ्झो गाठा आणि तिथून डोंगर ओलांडणारी बस पकडा. आणखी तासाभराने सान्सेपोल्क्रो येतं. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण इथली एक वस्तू कदाचित तुमच्या किचनमध्ये येऊन गेली असेल. बुइतोनी पास्त्याची सुरुवात १८२७ साली इथेच झाली.

जुनं गाव तटबंदीच्या आत आहे आणि तासाभरात पायी फिरून होतं. इथे यायचं ते एका चित्रासाठी. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का हा याच गावचा. गावाच्या कारभाऱ्यांच्या जुन्या इमारतीत आता म्युझियम आहे आणि तिथल्या एका भिंतीवर त्याचं ‘पुनरुत्थान’ आहे. येशू कबरीतून उठतोय. एक पाय कबरीच्या कठड्यावर, हातात झेंडा, अंगावर गुलाबी वस्त्र. खाली चार पहारेकरी गाढ झोपलेत. तो मात्र थेट तुमच्याकडे बघतो. राग नाही, दया नाही, नुसता बघतो. दोन मिनिटांनी मी नजर दुसरीकडे वळवली, खरंच सांगते.

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागतं. डावीकडची झाडं उघडीबोडकी, उजवीकडची हिरवी. पहारेकरी खालून बघितल्यासारखे, येशू मात्र अगदी समोरून. भाला धरलेल्या शिपायाला पायच नाहीत! पिएरोला बहुतेक ते आड येत होते, म्हणून त्याने सरळ गाळून टाकले. झेंड्याच्या काठीला डोकं टेकून झोपलेला शिपाई म्हणजे स्वतः पिएरो, असं मानतात. या एका भिंतीला मी पाऊण तास दिला. उफिझीत पाऊण तासात किती खोल्या उरकल्या होत्या, ते विचारू नका.

आता खरी स्टोरी. आल्डस हक्सली हा इंग्रज लेखक इथे येऊन गेला आणि १९२५ साली छापलेल्या प्रवासलेखांच्या पुस्तकात त्याने ठणकावून लिहिलं, की जगातलं सर्वोत्तम चित्र हेच. चित्रांना असे नंबर देणं मला झेपत नाही, पण ते वाक्य पुढे कामी आलं. १९४४ चा उन्हाळा. जर्मन फौजा मागे हटत होत्या आणि टोनी क्लार्क नावाच्या तरुण ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला सान्सेपोल्क्रोवर मारा करायचा हुकूम आला. तोफा सुरूही झाल्या. डोंगरावरून बघताना त्याच्या डोक्यात घोळत होतं, की हे नाव आपण कुठेतरी ऐकलंय. मग आठवलं! शाळकरी वयाच्या आसपास वाचलेला हक्सलीचा तो लेख. चित्र त्याने कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्याने मारा थांबवला आणि वरिष्ठांना कळवलं, की गावात शत्रू दिसत नाही. जर्मन खरोखरच निघून गेले होते. पण समजा गेले नसते, तर? हुकूम न पाळणं म्हणजे ऑफिसात मेमो मिळण्याइतकं सोपं प्रकरण नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लार्क गावात शिरला, चित्राची चौकशी केली. ते जागेवर होतं.

युद्धानंतर क्लार्कने केपटाउनला पुस्तकांचं दुकान काढलं. पुस्तकाने गाव वाचवलेल्या माणसाने दुसरं काय काढणार! सान्सेपोल्क्रोत आज त्याच्या नावाची गल्ली आहे.

तुमच्यातल्या अकाउंट्सवाल्यांसाठी खास. टॅलीमध्ये रोज ज्या डबल एन्ट्रीशी तुम्ही झटता, ती पहिल्यांदा छापील पुस्तकात समजावून सांगणारा लुका पाचोली हाही इथलाच. त्याचं पुस्तक १४९४ साली व्हेनिसला छापलं गेलं. जमा-नावेची पद्धत व्यापाऱ्यांकडे आधीपासून होती, त्याने ती नीट मांडली. पिएरो स्वतःही पक्का गणिती होता, व्यापाऱ्यांच्या हिशेबांवर त्याने पुस्तक लिहिलंय. आणि इथे गॉसिप! पाचोलीने पिएरोचं गणित आपल्या नावावर खपवलं, असा आरोप वासारीने १५५० मध्ये केला. १५०९ च्या पाचोलीच्या पुस्तकाचा एक भाग म्हणजे पिएरोच्या लॅटिन ग्रंथाचं इटालियन भाषांतर आहे आणि त्यात पिएरोला श्रेय नाही. सीनियरचं प्रेझेंटेशन आपल्या नावाने मेल करण्याचा प्रकार एवढा जुना आहे.

जायचं असेल तर सकाळची बस धरा आणि परतीची वेळ स्टॉपवरच बघून ठेवा, कारण रविवारी बस कमी असतात. म्युझियममध्येच पिएरोने रंगवलेली, आपल्या झग्याखाली माणसांना आसरा देणारी मेरी आहे, ती चुकवू नका. अरेझ्झोला परतल्यावर सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये पिएरोने रंगवलेल्या आख्ख्या भिंती आहेत. तिथे मात्र ठराविक वेळेचं तिकीट असतं, ते आधी बुक करा.