सीएनजी किट बसवल्यावर एसीची हवा का मंदावते?

आटगावहून नाशिककडे निघालं आणि खर्डी मागे पडली की जुलैत कसारा घाटातलं धुकं थेट रस्त्यावर उतरलेलं असतं. बाहेर पाऊस, आत पाच माणसांचे श्वास आणि ओले कपडे. समोरची काच आतून बघता बघता पांढरी होते. अशा वेळी डॅशबोर्डच्या जाळीतून येणारी हवा ही चैन नसते, तिच्यामुळे पुढचा रस्ता दिसतो. म्हणूनच ‘किट बसवल्यापासून हवा जरा कमी येते, पण चालतंय’ असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते.

शहापूर-मुरबाड पट्ट्यात पेट्रोलच्या गाडीला मागाहून सीएनजी किट बसवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. इकोसारख्या प्रवासी गाड्या आणि जुन्या छोट्या मोटारी सर्रास गॅसवर धावतात. काही हौशी माणसं जुन्या जीपला दुसरंच इंजिन चढवतात. या कामांनंतर हवा कमी झाली तर पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: एसीचा गॅस भरून घ्या. हा सल्ला अनेकदा पैसे वाया घालवतो, कारण एसीचा गॅस हवा थंड करतो, ती ढकलत नाही. ढकलण्याचं काम ब्लोअरचं आहे.

आधी तक्रार नीट ओळखा

‘हवा येत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड लपतात. हवा जोरात येते पण गार नाही, हा पहिला. गार आहे पण जोर नाही, हा दुसरा. जोर आहे पण भलतीकडे जातो, तोंडावर हवी असताना काचेवर किंवा पायाशी येते, हा तिसरा.

हे ठरवायला टिश्यू पेपरची एक पट्टी पुरते. काचा बंद करा, ब्लोअर सर्वांत वरच्या वेगावर ठेवा आणि पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरा. मधल्या जाळ्यांत पट्टी लोंबते पण पायाशी फडफडते, तर हवा वळवणारी झडप अडकली आहे. सगळीकडेच लोंबत असेल तर आवाज ऐका. ब्लोअर घोंघावतोय पण हवा नाही, म्हणजे वाट तुंबली आहे किंवा हवा मध्येच कुठेतरी निसटते आहे. ब्लोअरचाच आवाज मरगळलेला असेल तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही किंवा मोटर थकली आहे. गॅरेजमधल्या यंत्राआधी आपला कान इथे बरंच सांगून जातो.

इंजिन बंद ठेवून एक परीक्षा

दोष इंजिनाकडे आहे की नाही, याची सोपी कसोटी आहे. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून ब्लोअर मिनिटभर चालवा. मग इंजिन सुरू करून तेच करा. दोन्ही वेळा हवा सारखीच मरतुकडी असेल तर तूर्त इंजिनाकडे बोट दाखवू नका, फिल्टर आणि ब्लोअर बघा. इंजिन सुरू झाल्यावर चार्जिंगचं व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत चढतं, त्यामुळे निरोगी गाडीत हवा किंचित वाढायला हवी. ती उलट घटली, किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावरच वाढली, तर बेल्ट सैल आहे का, अल्टरनेटर पुरेसं चार्जिंग देतो का, गॅसवर इंजिनाचं आयडलिंग फार खाली तर बसवलेलं नाही ना, हे पाहा.

किट बसवताना फिटरचा हात कुठे कुठे जातो

हा भाग समजला की निम्मं निदान घरीच होतं.

सिलिंडरमध्ये सीएनजी सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. इंजिनाला देण्यापूर्वी रेड्यूसर तो दाब उतरवतो. दाब एकदम उतरला की वायू गार पडतो, इतका की रेड्यूसर गोठू शकतो. म्हणून त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरवतात, आणि ते बहुतेक वेळा हीटरच्या होज पाइपला टी जोडून घेतलं जातं. म्हणजे तुमच्या हीटरच्या पाण्याला आता दुसरा भागीदार आला. टी उलटसुलट लागला, पाइप मुरगळला किंवा कूलंट भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला, तर हीटर कोमट पडतो. डॅशबोर्डच्या आतून बुडबुड्यांचा खळखळाट ऐकू येणं ही याची खूण. हवेचा जोर यात कमी होत नाही, ऊब कमी होते. पण काचेवरचं दव घालवायला तीच ऊब लागते, म्हणून आपल्याकडे हीटर कशाला, असं म्हणून हे सोडून देऊ नये. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासा. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

दुसरा हात जातो तारांवर. किटचा कंट्रोलर, डॅशबोर्डवरचा पेट्रोल-गॅस स्विच, इंजेक्टरच्या तारा हे सगळं बसवताना एखादा अर्थ पॉइंट उघडून परत नीट घट्ट केलेला नसतो. ब्लोअर हा विजेचा मोठा गिऱ्हाईक. त्याची अर्थ ढिली झाली की तो लगेच मंदावतो. ब्लोअर पूर्ण वेगात असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचं आणि मोटरच्या सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत दिसली तर वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि बाकीच्या वेगांवर गप्प बसतो, तर त्याचा रेझिस्टर गेला. त्यासाठी किटवाल्याशी भांडू नका.

तिसरी जागा डॅशबोर्डच्या आत. स्विच किंवा म्युझिक सिस्टीम बसवायला पॅनेल उघडतात तेव्हा हवेची प्लॅस्टिकची नळी सांध्यातून निसटते. मग हवा जाळीऐवजी पॅनेलच्या मागेच सांडत राहते. ग्लोव्ह बॉक्स उतरवून हात घातला तर वारा हाताला लागतो.

घाट चढताना हवा काचेकडे पळत असेल तर

हा बिघाड मला सर्वांत शिकवणारा वाटतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हवेच्या झडपा केबलने किंवा छोट्या मोटरने फिरतात. पण काही जुन्या आणि परदेशी बनावटीच्या गाड्यांत त्या इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम देतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो जवळजवळ शून्यावर येतो. शिवाय उंचीबरोबर तो दर ३०० मीटरला सुमारे एक इंचाने घटतो, आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे.

म्हणून अशा गाडीत व्हॅक्यूम साठवणारी एक लहान टाकी आणि एकाच दिशेने वाट देणारा वॉल्व्ह असतो. चढावर इंजिनाने हात आखडला तरी टाकी काम भागवते. किटच्या नळीसाठी व्हॅक्यूम लाइन कापून टी घातला आणि क्लिप ढिली राहिली, किंवा इंजिन बदलताना तो वॉल्व्ह लावायचाच राहिला, तर सपाटीवर सगळं ठीक चालतं आणि घाटात हवा आपोआप काचेकडे वळते. बनवणाऱ्यांनी मुद्दामच तशी सोय केलेली असते, की व्हॅक्यूम गेला तरी निदान काच साफ राहावी. कसाऱ्याच्या चढावर झडप पलटते आणि उतारावर पाय काढताच परत येते, ही या बिघाडाची ठळक खूण.

टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनात तर इनटेकमध्ये व्हॅक्यूमऐवजी उलटा दाब तयार होतो, तिथे हा वॉल्व्ह हवाच. डिझेल इंजिन सहसा असा व्हॅक्यूम देत नाही, त्याला वेगळा पंप असतो. जीपला डिझेल इंजिन चढवताना पंपाची जोडणी विसरली, तर झडपांसोबत ब्रेकचा बूस्टरही निकामी होतो. हवेच्या तक्रारीबरोबर ब्रेकचा पेडल कडक लागत असेल तर गाडी तिथेच उभी करा.

इंजिनाचा काहीच दोष नसतो तेव्हा

किट आणि हवा यांचा संबंध पुष्कळदा फक्त तारखेचा असतो. आपल्या रस्त्यांची धूळ केबिन फिल्टरला लवकर तुंबवते. फिल्टर काढून मिनिटभर ब्लोअर चालवला आणि हवा वाढली, तर उत्तर मिळालं. समोरच्या काचेखालच्या जाळीत साग-ऐनाचा पालापाचोळा साचतो आणि बाहेरची हवा आत येणं थांबतं. भाताच्या पेंढ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर ब्लोअरच्या चाकात उंदराचं घरटंही सापडू शकतं. सोबत कुरतडलेल्या ताराही बघून घ्या.

आणखी एक फसवा प्रकार आहे. निघताना हवा झकास, अर्ध्या-पाऊण तासाने जवळजवळ बंद, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरू. इथे कूलिंग कॉइलवर बर्फ जमलेलं असतं. एसीचा गॅस कमी असणं किंवा तापमान मोजणारा सेन्सर बिघडणं ही त्याची कारणं. गॅस तपासण्याचा सल्ला इथे मात्र योग्य ठरतो.

आणि सीएनजीवर इंजिनाची ताकद थोडी घटते, त्यामुळे चढावर थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. पूर्ण थ्रॉटलला अनेक गाड्यांचा संगणक कॉम्प्रेसर काही काळ तोडतो. घाटात हवा तेवढीच पण गार कमी, असं झालं तर तो बिघाड नाही.

कागद आणि सुरक्षितता

इंधन बदलल्याची नोंद आरसी बुकात हवी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या अशा बदलांविषयी आहे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. वरच्या सगळ्या तपासण्या करताना सीएनजीच्या उच्च दाबाच्या पाइपला पाना लावू नका. वास आला तर इंजिन बंद करा, दारं उघडा, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत फिटरला बोलवा.

धुक्यात काच पांढरी झालीच तर

हवा काचेकडे वळवा, बाहेरची हवा घेणारी कळ सुरू ठेवा, एसी चालू आणि तापमानाची कळ उबेकडे. एसी हवेतला ओलावा काढतो, ऊब काच सुकवते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावरच्या लांब बोगद्यात धूर टाळायला आपण आतली हवा फिरवणारी कळ दाबतो; बाहेर पडल्यावर ती काढायला विसरू नका, नाहीतर पावसात काच पुन्हा भरते. तरीही दिसेनासं झालं, तर कसाऱ्यालाच सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि कोरड्या सुती कापडाने काच आतून पुसा.