गाय केवढी असावी?

इस्लापूरच्या परिसरातील माळ श्रावण-भाद्रपदात गवताने भरून जातो. फाल्गुन उलटला की तोच करडा पडतो. त्यानंतर मृगापर्यंत गाईचा निर्वाह वाळले गवत आणि ज्वारीचा कडबा यांवरच होतो. म्हणून गाय निवडताना तिच्या उंचीस भुलू नये. आपल्याजवळ वैरण किती आहे, हे आधी पाहावे.

वजन वाढले की केवळ जगण्यासाठी लागणारा चाराही वाढतो. ३०० किलोच्या गाईपेक्षा ४५० किलोच्या गाईस सुमारे एक तृतीयांश अधिक पोषण लागते. ज्या वैरणीवर पहिल्या प्रकारच्या चार गाई जगतात, तिच्यावर दुसऱ्या प्रकारच्या तीनच जगतील. चारा भरपूर असेल तर मोठ्या गाईचे वासरू वजनदार निपजते. चारा तुटला म्हणजे मात्र ती रोडावते, माजावर येत नाही आणि वर्ष भाकड जाते.

परदेशात कोरड्या कुरणांवर मांसासाठी गाई पाळतात. तेथेही जाणते पशुपालक एकट्या गाईचे वजन न पाहता, दर एकर कुरणामागे वासरांचे वजन किती मिळाले हे पाहतात. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईंच्या व २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीस बंदी आहे. आपले उत्पन्न दूध, गोऱ्हे, कालवडी व शेणखत यांचे. परंतु माप तेच लावावे. न विणारी गायही दररोज वैरण खातेच, म्हणून पैदाशीची निवड येथे अधिकच दक्षतेने केली पाहिजे.

नांदेडची लाल कंधारी मध्यम बांध्याची, काटक व शेतकामास उपयुक्त आहे. लातूरकडील देवणी अंगाने थोराड. तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा हे प्रकार सर्वांस ठाऊक आहेत. तिला साजेशी वैरण असेल तेथे ती अवश्य पाळावी.

अंगाचा आकार संततीत लवकर उतरतो. नियमित विण्याचा गुण तितक्या सहज उतरत नाही. यास्तव केवळ धिप्पाड वळू पाहून रेतन करवू नये. ग्रामसेवकांनी प्रत्येक गोठ्यात गाईच्या विण्याच्या तारखांची नोंद ठेववावी. दुष्काळाच्या सालीही जी गाय वेळेवर गाभण राहिली, तिचीच कालवड पैदाशीसाठी राखावी. माळेगावच्या यात्रेत जनावर घेतानाही त्याच्या आईची वेते किती झाली, हे आवर्जून विचारावे.